पाच नोव्हेंबरची तिथी

नोव्हेंबर महिना इंग्रजांना मानवत नाही, असे माझे नम्र मत झाले आहे. याच महिन्यात त्यांचा एक राजपुत्र जहाजासह बुडाला, याच महिन्यात त्यांच्या देशावर असे वादळ आले की दीपस्तंभदेखील वाहून गेला, आणि याच महिन्यात कोणी तरी त्यांच्या संसदेच्या तळघरात बंदुकीच्या दारूची पिंपे रचून ठेवली. उरलेले दिवस, मला सांगण्यात आले, धुके असते.

हे मी कोणत्या अधिकाराने लिहितो, असे वाचक विचारतील. मी अरबी समुद्र ओलांडलेला नाही. खरे तर नंजनगूडच्या देवळापलीकडे माझा प्रवास फार झालेला नाही. आयुष्याची छत्तीस वर्षे म्हैसूरच्या एका संस्कृत पाठशाळेत ज्योतिषगणित शिकवण्यात गेली. या अंकाच्या संपादकांचीही अपेक्षा हीच असावी की मी पाठशाळेविषयी लिहीन. परंतु पाठशाळेतील दिवस एकमेकांसारखे होते, आणि त्यांच्याविषयी सांगण्यासारखे जे आहे ते विद्यार्थीच अधिक चवीने सांगतात. मी लिहिणार आहे ते निवृत्तीनंतरच्या सात वर्षांविषयी. त्या काळात मी आमच्या गावाच्या कडेला, हेब्बाळच्या औद्योगिक वसाहतीत बसून, परक्या लोकांच्या पुण्यतिथ्या तपासून पोट भरत होतो.

हे काम कल्पनामुळे मिळाले. कल्पना आमच्याच पेठेतली. तिचे पूर्वज कापड रंगवीत व छापीत. घरात मराठी टिकली आहे, पण दर तिसऱ्या शब्दाला कन्नडची किनार. लहानपणी ती माझ्याकडे सुभाषिते शिकायला येई व पाठांतरापेक्षा शंका अधिक आणी. मोठी होऊन ती एका कार्यालयात विभागप्रमुख झाली. हे कार्यालय इंग्लंडमधील ग्राहकांसाठी भिंतीवरच्या कॅलेंडरांचा मजकूर तयार करी. महिन्याला एक पान, दिवसाला एक चौकोन, आणि त्या चौकोनात इतिहासातील त्या दिवशी ब्रिटनमध्ये काय घडले, याची एक ओळ. ती एक दिवस घरी आली आणि म्हणाली, "काका, आमच्याकडे तारखा चुकतात मा. तुमी आयुष्यभर ग्रहणं काढलीत. हे तर सुम्मने, उगीच आपले राजाराण्यांचे वाढदिवस आहेत. याल काय?"

आमच्या सौभाग्यवतींनी आतून उत्तर दिले की घरच्या लोकांचे वाढदिवस ज्यांना कधी आठवले नाहीत, त्यांना हे काम अवश्य द्यावे.

मी गेलो. पहाटेची संध्या आटोपून, धोतर-कोट अशा वेषात, कंपनीच्या बसने. फाटकावरच्या रखवालदाराने पहिला आठवडाभर मला पूजा सांगायला आलेले समजून नमस्कार केला. पुढे ओळखपत्र गळ्यात आले आणि नमस्कार थांबला.

काम दिसते तितके सोपे नव्हते. प्रत्येक ओळीला दोन स्वतंत्र आधार लागत. ज्याच्या जन्माची नोंद नाही, त्याच्या बारशाची नोंद असते, आणि लोक बारशालाच जन्म समजतात. तो भेद शोधायचा. लढाई सुरू झाली तो दिवस, संपली तो दिवस आणि बातमी राजधानीत पोचली तो दिवस, यांतला कोणता घ्यायचा, हे ठरवायचे. शेवटी तपासणाऱ्याने पानाच्या खाली लाल पेन्सिलीने सही करायची. सही झाली की ते पान त्याचे. माझी लाल सही कार्यालयात अंतिम मानली जाई, आणि मला तिचा थोडा अहंकार होता, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

ग्राहक नाना तऱ्हेचे. एका चहाच्या व्यापाऱ्याने सांगितले की कॅलेंडर स्वयंपाकघरात लागणार, तेव्हा त्यात कोणाचाही शिरच्छेद नको, बुडणे नको, आगही नको. आम्ही प्रामाणिकपणे वगळत गेलो. महिन्याअखेर हाती राहिले ते दोन पुलांची उद्घाटने आणि एक घोड्यांची शर्यत. स्कॉटलंडच्या एका बाई तर दरवर्षी दूरध्वनी करीत. सतरा नोव्हेंबरला पहिली एलिझाबेथ राणी गादीवर आली, असे आम्ही लिहीत असू. बाईंचे म्हणणे, ती इंग्लंडची राणी, आमच्या गादीवर ती कधीच नव्हती, तेव्हा आमच्या प्रतीतून तिला उतरवा. एका गावातल्या दोन देवळांचे मानपानाचे वाद ज्याने जन्मभर पाहिले आहेत, त्याला हे समजायला वेळ लागत नाही. स्कॉटलंडच्या प्रतीतून आम्ही राणीला उतरवले.

आणि एक नोव्हेंबर. त्या दिवशी आमच्या कार्यालयात राज्योत्सवाचा लाल-पिवळा झेंडा लागे, शेव-मिठाई वाटली जाई, आणि मी मेजाशी बसून लिहीत असे की याच दिवशी व्हिक्टोरिया राणीने जाहीरनामा काढून हिंदुस्थानचा कारभार आपल्या हाती घेतला. कल्पना मिठाईचा कागद पुढे करीत म्हणे, "काका, राणीला पण एक तुकडा ठेवा. तिचंच राज्य होतं, आता आपलं आहे."

असे दिवस सुखाने चालले असता हार्लोसाहेब आले. म्हणजे त्यांचे पत्र आले. हे गृहस्थ पूर्वी शाळेत इतिहास शिकवीत. निवृत्तीनंतर त्यांनी गावोगावच्या दुकानांसाठी कॅलेंडरे छापण्याचा उद्योग काढला होता. त्यांनी कळवले की नमुन्यादाखल नोव्हेंबरचे एक पान करून द्या, आवडले तर तीन वर्षांचे सगळे काम तुमच्याकडे. कल्पनाच्या विभागात तेव्हा पाच माणसे होती आणि हाताला काम तिघांपुरते. वरच्यांनी तिला स्पष्ट सांगितले होते की हे काम मिळाले नाही तर दसऱ्यापूर्वी विभाग बंद. तिने ते कोणालाच सांगितले नव्हते, फक्त मला सांगितले. म्हणाली, "काका, हे पान तुमच्याच हातचं हवं."

येथे बाहेरच्यांसाठी थोडे गणित सांगणे प्राप्त आहे. युरोपात पूर्वी जी कालगणना होती तीत वर्षाचे माप किंचित चुकलेले होते, त्यामुळे तारखा हळूहळू सूर्याच्या मागे पडत गेल्या. इतर देशांनी ती चूक आधी सुधारली. इंग्रजांनी, त्यांच्या स्वभावाला अनुसरून, पुष्कळ विचार करून, सुमारे पावणेदोनशे वर्षांनी सुधारली. सन सतराशे बावन्नच्या सप्टेंबरात दोन तारखेच्या रात्री लोक झोपले आणि उठले ते चौदा तारखेला. आपल्या पंचांगात एखादी तिथी क्षय पावते, पण ती बिचारी एकटी जाते. एका झोपेत अकरा दिवस गिळणारे राष्ट्र मला प्रथमच भेटले, आणि मला त्यांच्याविषयी एकदम आपलेपणा वाटू लागला.

मात्र या आपलेपणातूनच माझी बुद्धी फिरली. मी विचार केला, की या सुधारणेच्या आधीच्या ज्या घटना हे लोक जुन्याच तारखेने सांगतात, त्या सगळ्या सूर्याच्या हिशेबाने सात ते अकरा दिवस चुकीच्या आहेत. आजवर कोणी यांना ते नीट करून दिलेले दिसत नाही. मी देतो. नऊ दिवस बसून मी प्रत्येक जुनी घटना तिच्या खऱ्या सौर दिवसावर नेऊन ठेवली. राणी सतरावरून सत्तावीसवर गेली. ते भयंकर वादळ आणि तो बुडालेला राजपुत्र, दोघेही डिसेंबरात गेल्यामुळे पानावरून नाहीसे झाले. आणि संसदेखालच्या दारूच्या पिंपांचा कट, ज्यातून राजा वाचला म्हणून इंग्रज लोक आजही शेकोट्या पेटवतात व आतषबाजी करतात, तो मी पाच नोव्हेंबरवरून उचलून पंधरा नोव्हेंबरला बसवला.

कल्पनाने पान पाहिले. ती इतिहास शिकलेली नव्हती, पण तिची शंका घेण्याची सवय गेली नव्हती. तिने पाचवर बोट ठेवले. "काका, हे सरी, बरोबर आहे ना? हे दर वर्षी पाचला असायचं."

मी म्हणालो, "कल्पना, सूर्य खोटं बोलत नाही."

ती गप्प झाली. गुरूच्या शब्दापुढे शिष्याने गप्प व्हावे, असे तिला मीच शिकवले होते. दिवस गोकुळाष्टमीचा होता. उपवासाच्या पोटी मी लाल सही केली आणि संध्याकाळी पान इंग्लंडला गेले.

दुसऱ्या दिवशी श्रावण वद्य नवमी, माझ्या आजीचे श्राद्ध. मी रजा घेतली होती. दुपारी साडेबाराच्या सुमारास पाटावर बसून संकल्प सोडला. संकल्पात माणूस संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष असे उतरत उतरत त्या एका दिवसापर्यंत येतो. मी 'नवम्यां' म्हणालो आणि जीभ तिथेच थांबली.

कारण माझ्या गणिताप्रमाणे आजीची तिथी नवमी नव्हे. ती गेली त्या वेळी घरात जुन्या पद्धतीचे पंचांग होते, त्यात नवमी होती. तरुणपणी मी आकाशाशी पडताळून सूक्ष्म गणित केले, तेव्हा निघाले की ती गेली त्याच्या अर्धी घटका आधीच दशमी लागली होती. वडील निवर्तल्यावर श्राद्धाचा अधिकार माझ्याकडे आला. पहिल्याच वर्षी मी शास्त्रशुद्धतेच्या उत्साहात ते दशमीला नेले, आणि कळवायचे राहून गेले ते फक्त कमळाआत्याला.

कमळाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, सरगूरला दिलेली. आईच्या श्राद्धाला दर वर्षी ती पहाटेच्या बसने येई, शेतातल्या केळीची पाने आणि घरचे तीळ घेऊन. त्या नवमीलाही आली. दारात उभी राहून तिने थंड चूल पाहिली. मी तिला पाटी काढून गणित समजावून सांगितले. तिने ते शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाली, "माझी आई चाळीस वर्षं नवमीला येते रे. आज ती दारात येऊन उभी राहील, तिला कोण सांगणार, उद्या ये म्हणून?"

श्राद्ध व्हायच्या आधी ती कधी जेवत नसे. आमच्याकडेही जेवली नाही. पाने उंबऱ्यात ठेवून दुपारच्या बसने सरगूरला परत गेली. पुढल्या वर्षापासून मी नवमीलाच श्राद्ध करू लागलो, आत्याही येत राहिली, पण त्या दुपारचा उल्लेख तिने किंवा मी पुन्हा केला नाही.

हे सगळे त्या एका शब्दाशी आठवले, आणि मग कळले की काल संध्याकाळी मी काय करून बसलो आहे. एक अख्खे राष्ट्र चारशे वर्षे पाच तारखेला शेकोटी पेटवते, आणि मी त्यांना पाटी काढून सांगितले होते की उद्या या.

उठता येत नव्हते. श्राद्धाला बसलेला माणूस मध्येच उठत नाही, आणि मी सोवळ्यात, ज्याला इकडे मडी म्हणतात, त्यामुळे दूरध्वनीला हातही लावता येत नव्हता. भिंतीवरचे घड्याळ समोर. आमचे साडेबारा म्हणजे त्यांचे सकाळचे आठ. हार्लोसाहेब नऊला कामाला बसत. पितरांच्या पुढ्यात मी तिलोदक सोडत होतो आणि मन हेब्बाळला होते. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून हळूच म्हणाल्या, "तीळ दोनदा सोडलेत." त्या श्राद्धाची मला अजून चुटपुट आहे.

सगळे यथासांग होईपर्यंत अडीच वाजले. श्राद्धकर्त्याने त्या दिवशी प्रवास करू नये, म्हणून हेब्बाळला जाणे नव्हते. कल्पनाला दूरध्वनी केला. ती फार शांत बोलली, आणि मला तिथेच कळले.

हार्लोसाहेबांनी पान उघडले होते. त्यांनी कल्पनाला विचारले होते की ज्यांना पाच नोव्हेंबर ठाऊक नाही, त्यांच्या हाती उरलेले अकरा महिने मी कसे द्यावेत. संध्याकाळपर्यंत ते दुसऱ्या कार्यालयाला कळवणार होते.

"तू काय सांगितलंस?" मी विचारले.

"सांगितलं, माझी नजरचूक."

"सही माझी आहे."

"असू दे काका. तुमचं नाव मध्ये आणायचं नव्हतं मला. अय्यो, तुमी आज श्राद्धाला बसलेले."

मी म्हणालो की सही माझी, चूक माझी, आणि बोलणेही मीच बोलणार. पुष्कळ नको-नको झाल्यावर चारच्या सुमारास तिने आम्हा तिघांचा दूरध्वनी जोडून दिला.

माझे इंग्रजी व्याकरणाला धरून आहे, पण त्याला घाई ठाऊक नाही. मी प्रथम माझा परिचय दिला, नंतर चूक कबूल केली, नंतर ती कशी घडली ते त्यांचे गिळलेले अकरा दिवस, आमची क्षय पावणारी तिथी आणि गणित यांसह सांगितले. हार्लोसाहेब इतिहासाचे शिक्षक, त्यांनी मध्ये अडवले नाही. माझे संपल्यावर त्यांनी विचारले, "तुमचं गणित बरोबर आहे. मी आत्ताच ताडून पाहिलं. मग चूक कोणती?"

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. खरे तर मी क्षमा मागून ठेवणार होतो. पण प्रश्न सरळ होता, म्हणून मी सरळ उत्तर दिले. मी त्यांना आजीची नवमी आणि माझी दशमी सांगितली. सरगूरची बस, केळीची पाने आणि थंड चूल सांगितली. आत्याचे वाक्य जमेल तसे इंग्रजीत ठेवले. कल्पना तिकडे ऐकत होती, तिलाही हे मी कधी सांगितलेले नव्हते.

हार्लोसाहेबांनी विचारले, "त्या दिवशी तुमच्या आत्या जेवल्या का?"

"नाही," मी म्हणालो. "तशाच परत गेल्या."

मग ते शिक्षकाच्या आवाजात म्हणाले, "पान सोमवारपर्यंत दुरुस्त करून पाठवा. सगळं जुन्या जागी हवं, वादळसुद्धा. आणि सप्टेंबरच्या पानासाठी ते अकरा दिवसांचं तुम्हीच लिहा, असंच, त्या क्षय पावणाऱ्या तिथीसकट."

मी आभार मानू लागलो, तर त्यांनी घसा साफ केला. "एक सांगायला हवं. आमच्या गावात शेकोटी पाच तारखेला पेटत नाही. जवळच्या शनिवारी पेटते. दुसऱ्या दिवशी मुलांना शाळा असते ना. पण कॅलेंडरवर पाचच पाहिजे."

दूरध्वनी ठेवल्यावर कल्पना इतकी हसली की तिला पाणी प्यावे लागले. "काका," ती म्हणाली, "चारशे वर्षांची तिथी, आणि तीही त्यांच्या सोयीनं शनिवारी." मी तिला सांगितले की श्राद्ध करून उठलेल्या माणसाला हसवू नये. पण मी हसलो होतो.

काम मिळाले. तीन वर्षे विभाग चालला, आणि त्या तीन वर्षांत मी कोणाचीही तारीख हलवली नाही. पुढे हार्लोसाहेब थकले, त्यांनी उद्योग बंद केला, आणि आमचा विभागही मिटला. इतरांना दुसरीकडे कामे मिळाली. कल्पना आता दुसऱ्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. मी घरी असतो, पहाटेची संध्या सावकाश करतो. हार्लोसाहेबांचे ते पहिले कॅलेंडर आमच्या स्वयंपाकघरात अजून टांगलेले आहे, शिरच्छेदांसकट. सौभाग्यवतींना त्याचे काही वाटत नाही.

त्या कॅलेंडरात पंधरा नोव्हेंबरचा चौकोन रिकामा आहे. आमच्या नियमाप्रमाणे एकही चौकोन रिकामा सोडायचा नसे, पण तो कल्पनाने मुद्दाम तसा ठेवला आणि हार्लोसाहेबांनी विचारले तेव्हा सांगितले की तो आमच्या शास्त्रींच्या सूर्यासाठी राखून ठेवला आहे. त्यांनी तो तसाच छापला.

दर वर्षी पंधरा नोव्हेंबरला संध्याकाळी ती न चुकता घरी येते. दारातूनच म्हणते, "काका, आज तुमच्या सूर्याप्रमाणे राजा वाचला. काय आहे खायला?" दिवाळीतल्या दोन-चार फुलबाज्या मी तिच्यासाठी मागे ठेवलेल्या असतात. त्या आम्ही अंगणात पेटवतो. आणि दर श्रावणात, नवमीचे पान वाढून झाले की मी क्षणभर दाराकडे पाहतो आणि मगच जेवायला बसतो.